तिकीट नसलेली कार्डं

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात 61 चित्रकार्डं आहेत आणि त्यांतली 34 कॅरिबियन समुद्रातल्या लहान लहान बेटांची. डोंगर, धबधबे, वाफा सोडणारी जमीन, समुद्राने कोरलेले खडक. माणूस सहसा दिसत नाही, दिसला तर लांबून, मुंगीएवढा. रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यात राहणाऱ्या माझ्या आईला ही कार्डं तिच्या धाकट्या भावाने पाठवली, आणि काही आचऱ्याला आजीला. मामा बोटीवर होता.

या 34 कार्डांपैकी तिकीट फक्त चारांवर शिल्लक आहे. बाकीच्या 30 कार्डांची तिकिटं मी काढली. परातीत पाणी घ्यायचं, कार्डाचा कोपरा त्यात बुडवायचा, दहा-पंधरा मिनिटांनी तिकीट आपसूक सुटतं, मग ते जुन्या वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. माझा जन्म 1959 चा. सातव्या-आठव्या वर्षापासून हा उद्योग मी मन लावून केला. तिकिटाबरोबर शिक्काही गेला. त्याची कड तेवढी काही कार्डांवर उरली आहे, कापलेल्या नखासारखी.

पुढे 1980 मध्ये मी टपाल खात्यात लागलो आणि 2019 मध्ये निवृत्त झालो. ही 39 वर्षं लोकांच्या कागदांवर तारखेचे शिक्के मारण्यात आणि टपालाची वर्गवारी करण्यात गेली. देवाला विनोदबुद्धी असते ती अशी.

मामा मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची किनारपट्टी म्हणजे खलाशांची खाणच होती. राजिवडा, मिरकरवाडा, जयगड, दाभोळ, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत दर चार घरांमागे एक माणूस ‘बोटीवर’. विलायती कंपन्यांच्या जहाजांवर कामाची वाटणी गाववार आणि जातवार असायची. डेकवर रत्नागिरीकडची माणसं, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, जेवणघरात आणि प्रवाशांच्या तैनातीला गोंयकार. डेकची स्वतःची उतरंड होती. वर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, सुकाणूवर सुकाणी, सामानाच्या कोठारावर कसाब, चुलीपाशी भंडारी, झाडलोटीला टोपास आणि बाकीचे खलाशी. हे शब्द फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी असे कुठून कुठून आलेले, पण शंभर-दीडशे वर्षं जहाजं त्यांवरच चालली. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या अशा 2,000 हून अधिक माणसांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रत्नागिरीहून मुंबईला जाणारे किती जण त्याच्या जवळून रोज जातात आणि किती जण आत डोकावतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

मामा खलाशी म्हणून चढला आणि टिंडेल होऊन उतरला. आधी तेलाच्या जहाजांवर, नंतर प्रवासी जहाजांवर. वर्षभर बोट, मग तीन-चार महिने घर, मग पुन्हा मुंबईला जाऊन नंबर लागेपर्यंत गावाच्या खोलीत पथारी. घरी पैसे येत ते मनिऑर्डरने आणि खुशाली येई ती कार्डाने.

कार्डाची आमच्याकडे भीती होती. पाव आण्याचं पोस्टकार्ड हिंदुस्थानात 1 जुलै 1879 ला निघालं. ऑस्ट्रियाने जगातलं पहिलं कार्ड 1 ऑक्टोबर 1869 ला काढलं, त्यानंतर दहा वर्षांच्या आत ते आपल्या दारात आलं. स्वस्त असल्यामुळे सगळ्या बातम्या त्यावरच येत. मयताची बातमी असली तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचा रिवाज होता. त्यामुळे पोस्टमन दारात दिसला की आजी आधी चारही कोपरे बघायची आणि मग विचारायची, कुणाचं आहे. मामाची कार्डं जाड आणि चकचकीत असत. पण हजारो मैल पिशव्यांतून येताना कोपरे दुमडत, कधी झिजून गोल होत. अशा कार्डावर केवढाही सुंदर धबधबा असो, मजकूर वाचून होईपर्यंत आजी तो उंबऱ्याच्या आत घेत नसे.

मजकूर ठरलेला. सुखरूप आहे. काळजी नसावी. आईस शिरसाष्टांग. पाऊस कसा आहे ते कळवावे. क्वचित वर एखादी ओळ, एवढंच. मात्र चित्रं डोंगर-पाण्याचीच का, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. मामाला निसर्गाचं वेड होतं असं मी लोकांना सांगत असे. खरं कारण त्याने स्वतः हसत हसत सांगितलं. त्या बेटांवरच्या दुकानांत कार्डांची फिरती मांडणी असते आणि तिच्यावरची निम्मीअधिक कार्डं समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांतल्या बायकांची. चित्रकार्डाला पाकीट नसतं. मुंबईच्या वर्गवारीपासून आचऱ्याच्या पोस्टमनपर्यंत दहा जण ते बघणार आणि अकरावी आजी. तेव्हा मामा मांडणी गरगरा फिरवायचा आणि माणूस नसलेलं कार्ड हुडकून काढायचा. माझ्या डब्यातलं सृष्टिसौंदर्य हे असं, निम्मं आजीच्या धाकाने निवडलेलं आहे.

चित्रकार्डाचा स्वतःचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. सुरुवातीला कार्डाची एक अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव होती. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला उरलेल्या पट्टीत, नाहीतर थेट आभाळावर. 1902 मध्ये ब्रिटनने मागची बाजू उभी विभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी मुभा दिली, मग इतर देशांनी दिली, आणि चित्राला पुढची बाजू पुरी मोकळी मिळाली. तिथून पहिल्या महायुद्धापर्यंत जगाला कार्डांचं अक्षरशः खूळ लागलं होतं. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी शहरांची आणि माणसांची छायाचित्रं कार्डांवर विकत होती. जे. जे. स्कूलचे चित्रकार म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं कार्डांसाठी रंगवली.  

त्या खुळातलं सगळ्यात भयंकर प्रकरण कॅरिबियन बेटावरचंच. मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीच्या पायथ्याशी सेंट पिएर नावाचं नांदतं शहर होतं. 8 मे 1902 च्या सकाळी डोंगराच्या कुशीतून तप्त वायू आणि राखेचा लोट सुटला आणि काही मिनिटांत सुमारे 28,000 माणसं गेली. त्या शहराच्या अवशेषांची कार्डं पुढे कितीतरी वर्षं छापली आणि विकली गेली. मामाने पाठवलेलं मार्टिनिकचं कार्ड त्याच डोंगराचं आहे. हिरवागार, वर ढगाची टोपी, खाली निळी खाडी. ‘डोंगर आपल्या भगवतीच्या किल्ल्यावरून मिऱ्या दिसतो तसा’ असं मामाने मागे लिहिलं आहे. त्याला ती गोष्ट ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असून आजीसाठी लिहिली नसेल.

आता माझ्या उद्योगाकडे येतो. 1974 च्या मे महिन्यात मामा सुट्टीवर आला होता. त्याच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची, काही पानं पाण्याने खराब झाली होती आणि एका कचेरीत त्याची एका सफरीची नोकरी धरली जात नव्हती. त्याला आठवलं, त्या सफरीत आपण ताईला कार्ड टाकलं होतं. ‘त्येच्यार शिक्को असतलो’, बंदराचं नाव आणि तारीख. तो मोठ्या आशेने रत्नागिरीला आला. आईने डबा काढला. मामाने कार्ड ओळखलं, उलटं केलं, आणि तिकिटाच्या जागी पांढरा चौकोन बघून मला विचारलं, “ह्या कार्ड कधीचा रे?”

मी आतून तिकिटांची वही आणली. तिकीट सापडलं, पण चिकटवताना मी त्याच्या दातेरी कडा कात्रीने सरळ केल्या होत्या. त्यावर शिक्क्याचा पाव भाग होता आणि त्या पाव भागात तारीख नव्हती. कचेरीने कार्ड पुरावा म्हणून मानलं असतं की नाही, देव जाणे. मी तो प्रश्न उभाच राहू दिला नाही. मामा रागावला नाही. “ऱ्हवांदे” म्हणाला आणि चहा मागितला. त्या दिवसानंतर मी एकही तिकीट सोडवलं नाही.

निवृत्तीनंतर डबा पुन्हा काढला आणि मनाशी ठरवलं, तारीख गेली खरी, पण ती दुसऱ्या वाटेने शोधायची. माझा पेशा पत्ते वाचण्याचा. म्हणून पत्ते वाचायला बसलो.

पहिला हिशेब पिनकोडचा. आपल्याकडे पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. ज्या कार्डावर ‘रत्नागिरी 415612’ आहे ते त्या तारखेनंतरचं, यात वाद नाही. दुसरा हिशेब जिल्ह्याचा. आजीच्या कार्डांवर ‘आचरा, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी’ असं आहे. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ‘सिंधुदुर्ग’ लिहिलेली दोन कार्डं त्यानंतरची. तिसरा हिशेब राज्याचा. काही कार्डांवर ‘बॉम्बे स्टेट’ आहे. ती 1 मे 1960 च्या आधीची, असं मी एका कागदावर लिहूनही टाकलं होतं.

तिथे मी फसलो. त्यातल्या एका कार्डावर माझ्या मुंजीचा उल्लेख होता आणि 1960 मध्ये मी रांगत होतो. उलगडा असा झाला की सुरुवातीची वर्षं इंग्रजी पत्ता मामा लिहीतच नव्हता. जहाजावरचा त्याचा एक गोंयकार दोस्त लिहून द्यायचा, आणि तो आपल्या वहीतला जुना पत्ता जसाच्या तसा उतरवायचा. महाराष्ट्र झाला तरी त्या वहीत मुंबई राज्यच चालू होतं. यातून मी एक धडा घेतला, तो कुठल्याही जुन्या कागदाला लागू पडावा. नवं नाव दिसलं तर कागद ‘त्यानंतरचा’ हे नक्की. जुनं नाव दिसलं म्हणून कागद ‘त्याआधीचा’ ठरत नाही. माणसं जुनी नावं वर्षानुवर्षं सोडत नाहीत. चार दशकं टपालात काढल्यावर हे मला आधीच सुचायला हवं होतं.

चौथा हिशेब छपाईचा. जुनी कार्डं साडेपाच इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद, नंतरची थोडी मोठी. मागे बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. माझ्याकडच्या बऱ्याच कार्डांवर न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट नायॅकच्या डेक्स्टर प्रेसचं नाव आहे. म्हणजे बेट एकीकडे, त्याचं चित्र छापणार दुसरीकडे, विकत घेणारा आचऱ्याचा आणि वाचणारी पेठकिल्ल्यातली.

आणि पाचवा हिशेब माझ्या पापाचा. माँटसेराट बेटाचं एक कार्ड आहे. ग्रेट आल्प्स नावाचा धबधबा, झाडीतून एकाच धारेने उतरणारा. त्यावर पिनकोड आहे, पण तिकीट नाही. पिनकोड आहे म्हणजे ऑगस्ट 1972 नंतरचं. तिकीट नाही म्हणजे मे 1974 च्या आधीचं, कारण त्यानंतर मी हात आवरला होता. माझ्याच चोरीने तारखेचं एक टोक बांधून दिलं. या हिशेबांनी सगळ्या डब्यात इतकी नेमकी तारीख तिकीट नसलेल्या दुसऱ्या कार्डाला लावता आली नाही.

तो धबधबा आता नाही. माँटसेराट लांबीला 16 किलोमीटर, जवळजवळ रत्नागिरीहून पावसला जाण्याइतकं. तिथला सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी 18 जुलै 1995 ला जागा झाला. 25 जून 1997 ला तप्त राखेच्या लोटात 19 माणसं गेली. प्लिमथ ही राजधानी राखेत आणि चिखलात गाडली जाऊन कायमची सोडावी लागली. बेटाचा दक्षिण भाग बंद झाला, निम्म्याहून अधिक लोक बेट सोडून गेले. कार्डाच्या मागे मामाने लिहिलं आहे: ‘पाणी आपल्या निवळी घाटासारखे. लोक प्रेमळ.’

अरुबाचं कार्ड तिकिटासह आहे. तिकीट नेडरलँड्स अँटिलीस या बेटांच्या गटाचं आहे. अरुबा 1 जानेवारी 1986 ला त्या गटातून वेगळं झालं, तेव्हा शिक्का पुसट असता तरी कार्ड बहुधा त्याआधीचं हे तिकिटानेच सांगितलं असतं. पण शिक्का स्वच्छ आहे, साल 1977. चित्रात समुद्राने चुनखडकात कोरलेली प्रचंड कमान आहे, जवळजवळ 100 फूट लांब. मामाचं तेलाचं जहाज तिथल्या कारखान्याला लागायचं आणि चार तास सुट्टी मिळाली तेव्हा तो त्या कमानीवरून चालत गेला होता. 2 सप्टेंबर 2005 ला ती कमान कोसळली. मी मामाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मी चलत गेल्लंय तेच्यावरसून.”

एक कार्ड मात्र माझ्या हट्टाने आलेलं. 1971 च्या मार्च-एप्रिलमध्ये वाडेकरचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. सरदेसाईने 642 धावा काढल्या, गावस्करने पहिल्याच मालिकेत 774, आणि पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. मी बारा वर्षांचा. मामाला पत्र टाकलं की पोर्ट ऑफ स्पेनच्या पिचचं चित्र पाठव. महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड आलं: काळपट, सुरकुतलेलं, मध्ये मध्ये पाण्याची डबकी. त्रिनिदादचं पिच लेक. सुमारे 100 एकरांचं नैसर्गिक डांबराचं तळं! दुकानदाराला मामाने ‘पिच’ एवढंच सांगितलं होतं. मी रडलो. आज तेच कार्ड मला सगळ्यांत आवडतं. वॉल्टर रॅलेने 1595 मध्ये त्याच डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. आमच्याकडे होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल भरतात, ते बघत वाढलेल्या मामाने मागे एकच वाक्य लिहिलं आहे: ‘एवढे डांबर आपल्याकडे असते तर!’

मामाला त्याच्या जहाजावरचे लोक विचारत, तुझ्या गावाचं चित्र दाखव. त्याच्याकडे काहीच नसायचं. तो तोंडाने सांगायचा की रत्नागिरीत एका बाजूला पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला, मांडवीला, काळा. कुणाला खरं वाटायचं नाही. खरं तर या गोष्टीचा सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक कॅरिबियनमधलाच माणूस. तिथेही काळी वाळू आहे, कारण तिथले डोंगर आगीचे. आमची काळी वाळू इल्मेनाईट या जड खनिजाची, तीही अखेर जुन्या लाव्हाच्या खडकातूनच झिजून आलेली. फरक इतकाच, आमचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला आणि त्यांचा अजून तापतो आहे. “सगळ्या जगाचे फोटो गावतत, आपल्या गावाचो तेवढो गावणा नाय,” मामा म्हणायचा. मांडवीच्या काळ्या समुद्राचं जुनं छापील कार्ड मीही बरंच शोधलं. अजून मिळालेलं नाही.

मामा गेला त्याला काही वर्षं झाली. डबा आता माझ्याकडे आहे. प्रत्येक कार्ड वेगळ्या पाकिटात घातलं आहे आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने नोंद केली आहे: बेट, चित्र, पत्त्यावरून काढलेला काळ, आणि तिकीट कुणी काढलं. शेवटच्या रकान्यात 30 वेळा माझंच नाव आहे.

कोकणात अजून कितीतरी घरांत असे डबे असतील. बोटीवरच्या आजोबांचे, काकांचे, मामांचे. ते उघडाल तेव्हा चित्र बघून झाल्यावर कार्ड उलटं करा. तिकीट सोडवू नका, मुलांना सोडवू देऊ नका, कोपरे कापून वहीत चिकटवू नका. कार्ड कुणाचं आणि कुणाला, हे सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारून लिहून ठेवा. आणि स्वतः कुठून कार्ड पाठवलंत तर ते पेटीत टाकू नका. खिडकीवर द्या आणि आतल्या माणसाला सांगा, शिक्का जरा नीट मारा, तारीख वाचता आली पाहिजे. तो वैतागेल. मीही वैतागायचो. तरी सांगा.